पीएसक्यूएल आठ महिने वापरून (मुख्यतः एका सेटिंगबद्दल रडगाणं)

पोस्टग्रेस डेटाबेसचं पीएसक्यूएल, म्हणजे टर्मिनलमध्ये टाइप करून क्वेरी चालवायचं टूल, मी काही हौसेने धरलं नाही. आधीच्या जीयूआय (खिडक्या-बटणांच्या) टूलचं लायसन्स संपलं, रिन्यूचे पैसे माझ्याच खिशातून जाणार होते आणि हे सर्व्हरवर फुकट पडलेलंच होतं. पहिला आठवडा शिव्या घालण्यात गेला. क्वेरी टाकायची, एंटर मारायचा, काहीच होत नाही, म्हणून परत तीच टाकायची आणि मग सिंटॅक्स एरर, कारण पहिली क्वेरी सेमीकोलनवाचून तशीच लटकलेली. प्रॉम्प्टमधलं बरोबरचं चिन्ह जाऊन तिथे डॅश आलाय हे दिसत होतं, पण तो 'अजून पुढे लिही' म्हणतोय हे डोक्यात शिरायला चार दिवस लागले.

आता मेन तक्रार. ऑटोकमिट (प्रत्येक कमांड लगेच पक्की करणारं सेटिंग) डिफॉल्ट चालू असतो, म्हणजे अपडेट मारला की विषय संपला. मी शहाणपणा करून पीएसक्यूएलआरसी या सेटिंगच्या फाइलमध्ये तो ऑफ केला आणि निर्धास्त झालो. तीन आठवड्यांनी सवयीने वेअरच्या (कोणती रो बदलायची ते सांगणाऱ्या भागाच्या) आधीच सेमीकोलन पडला, बदलायची होती एक रो आणि स्क्रीनवर 'अपडेट 41873'. तरी मी आरामात, बदल मागे घ्यायला रोलबॅक आहे की! रोलबॅक टाकला तर वॉर्निंग, की ट्रान्झॅक्शन (अजून पक्कं न झालेलं, मागे घेता येणारं काम) चालूच नाहीये. पोटात गोळाच आला. झालं काय होतं, तर मी ऑटोकमिट स्मॉल अक्षरांत लिहिलं होतं. ते कॅपिटलमध्येच लागतं, आणि स्मॉलमध्ये लिहिलं तर हा बाबा एरर देत नाही, गुपचूप त्या नावाचं दुसरंच व्हेरिएबल बनवून ठेवतो. अरे एक ओळ छापायला काय जातं तुझं? रात्रीच्या बॅकअपमधून ते टेबल परत उभं करण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

मग कॅपिटल केलं आणि दिसेल त्याला सांगत सुटलो की ऑफच ठेवा. ते आता मागे घेतो. ऑफ असताना साधा सिलेक्टसुद्धा ट्रान्झॅक्शन उघडतो आणि तुम्ही बंद करेपर्यंत ते उघडंच राहतं. मी एक सिलेक्ट मारून मीटिंगला गेलो, तासाभराने येतो तर टीममधल्या एकाचा अल्टर टेबल (टेबलची रचना बदलणारी कमांड) माझ्या मागे अडकलेला, आणि त्याच्या मागे त्या टेबलवरचे सगळ्यांचे सिलेक्ट रांगेत. कोण काय चालवतंय ते दाखवणाऱ्या पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटीत बघितलं तर 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसता बसलेला, आणि युजर कोण, तर मीच. प्रॉम्प्टमध्ये ट्रान्झॅक्शन उघडं असल्याचा स्टार होता की, पण बघतंय कोण. आता ती ओळ काढून टाकलीय, डेटा बदलायचा असला की हाताने बिगिन टाकून ट्रान्झॅक्शन उघडतो.

बाकी चांगलं बरंच आहे. बॅकस्लॅश एक्स ऑटो केलं की रुंद रो आपोआप उभ्या दिसतात, बॅकस्लॅश कॉपीने सीएसव्ही थेट आपल्या मशीनवर उतरते, बॅकस्लॅश वॉच 5 टाकलं की तीच क्वेरी दर पाच सेकंदांनी चालत राहते. आणि बॅकस्लॅश पीसेटने नलसाठी (म्हणजे जिथे किंमतच नाही तिथे) काहीतरी चिन्ह ठेवाच, नाहीतर नल आणि रिकामी स्ट्रिंग दोन्ही सारखीच कोरी दिसतात, यात माझे दोन तास गेलेत. वर्जन 11 पासून बाहेर पडायला नुसतं एक्झिट चालतं, हे मला कळलं सातव्या महिन्यात.

जुन्या टूलवाल्यांचा डिस्काउंटचा मेल परवा आला. क्षणभर मोह झाला. मग टर्मिनलकडे बघितलं तर प्रॉम्प्टमध्ये स्टार, म्हणून आधी पळत जाऊन रोलबॅक मारला, आणि मेल राहिलाच.