दोन्ही बाजूंनी चिकटणारं फ्यूजिंग : कापडी दागिन्यांवर सात महिने वापरून

फ्यूजिंग म्हणजे कागदावर येणारा गोंदाचा थर; इस्त्रीने वितळून तो दोन कापडं एकमेकांना चिकटवतो. खाली फेल्ट, त्यावर सुती कातरण, रेशमाचे तुकडे, सुटे दोरे आणि सगळ्यात वर ऑर्गन्झा, म्हणजे आरपार दिसणारं झिरझिरीत कापड. एवढे थर फ्यूजिंगने चिकटवून मशीनवर घेतले की दहा-बारा टाक्यांत टाका सुटायचा. सुईच्या नेढ्यापाशी गोंदाचा बारीक मणी जमलेला. दोरा त्यात अडकतो, पिंजतो, खालच्या हुकाला फास मिळत नाही. पहिले तीन महिने माझं मत स्पष्ट होतं: हे शिवणाच्या कामाचं नाही.

ते मत आता बदललंय. जाड फ्यूजिंग नुसतं चिकटवण्यासाठी असतं, त्यावर शिवायचंच नाही. शिवायचं असेल तर पातळ घ्या, आणि तेही प्रत्येक थराखाली नको. फक्त सरकणाऱ्या तुकड्यांखाली पुरतं. ऑर्गन्झा टाक्यांनीच बसतो. त्याखाली गोंद लावला तर आरपार डाग दिसतात, आणि ते निघत नाहीत.

दुसरी चूक घाईची. इस्त्रीनंतर तुकडा जड पुस्तकाखाली सपाट ठेवून पूर्ण गार होऊ द्या. कोमट गोंद सुईला लागणारच. ७५/११ नंबरच्या सुईऐवजी ९०/१४ ची, म्हणजे जाड, टॉपस्टिच सुई लावा, तिचं नेढं मोठं असतं. तरीही अधूनमधून स्पिरिटच्या बोळ्याने पुसावी लागते, आणि याचा मला अजूनही राग येतो.

मशीनचे कापड सरकवणारे दाते खाली, रफूचा फूट, ओळींत ३-४ मिमी अंतर. दाट शिवणीने तुकडा आकसतो, म्हणून चारी बाजूंनी दीड सेंमी जास्त ठेवा आणि पानाचा किंवा थेंबाचा आकार शिवून झाल्यावरच कापा. मागचं कापड त्यानंतर लावलं की बॉबिनचा दोरा झाकला जातो. कडेला झिगझॅगच्या दोन फेऱ्या: पहिली २ मिमी रुंद, विरळ; दुसरी ३ मिमी, टाक्याची लांबी ०.४ मिमी. एकाच फेरीत दाट टाके घातले की कड लाटेसारखी वळते. कडीचं भोक टोच्याने पाडून तसंच सोडू नका, गोंद असूनही ते उसवतं. हाताने काजाचा टाका घाला.

फ्यूजिंग एकदम जास्त विकत घेऊ नका. घडी घालून ठेवलेल्या तुकड्याचा गोंद सात महिन्यांत कागदापासून सुटला. फेकला नाही, बेकिंग पेपरच्या दोन पानांत धरून वापरतेय.