हेदरचा बहर पाहायचा तर ॲशडाउन फॉरेस्ट की न्यू फॉरेस्ट?

उन्हाळ्यात भारतातून आईवडील लंडनला आलेले असतात आणि एखादा दिवस हेदर या जांभळ्या फुलांच्या बुटक्या झुडपाने बहरलेल्या माळावर घालवावा असा बेत ठरतो, तेव्हा ईस्ट ससेक्समधील ॲशडाउन फॉरेस्ट आणि हॅम्पशायरमधील न्यू फॉरेस्ट यांपैकी कुठे जावे, हा प्रश्न हमखास पडतो. दोन्हीकडे दाट जंगलाची अपेक्षा ठेवून जाऊ नये. पूर्वी राजांच्या शिकारीसाठी राखलेल्या या जमिनींवर आसपासच्या रहिवाशांचे चराईचे हक्क होते. गुरांनी वाढती झुडपे खाल्ली म्हणूनच हे माळ शतकानुशतके उघडे राहिले. आपल्याकडच्या गायरानाशी हे बरेच मिळतेजुळते आहे.

ॲशडाउन लंडनपासून सुमारे ५० किलोमीटरवर असून क्षेत्र साधारण २,५०० हेक्टर, म्हणजे अर्ध्या दिवसात मनासारखे फिरून होते. गिल्स लॅपच्या पाइनच्या झुपक्यापाशी उभे राहिले की उत्तरेकडे नॉर्थ डाउन्सच्या टेकड्यांपर्यंत नजर पोहोचते आणि पायाशी हेदर व काटेरी गॉर्स एकमेकांत गुंतलेले दिसतात. येथे जनतेला कायद्याने मिळालेला हक्क पायी फिरण्याचा आहे. घोडेस्वारीला परवाना लागतो आणि माळावरच्या पायवाटांवर सायकलींना मज्जाव आहे. ही शांतताच ॲशडाउनचे खरे बलस्थान आहे. उणीव म्हणाल तर फॉरेस्टच्या आत रेल्वे स्थानक नाही, त्यामुळे मोटार जवळपास अपरिहार्य ठरते, आणि २०२२ पासून वाहनतळांना शुल्कही पडते. गुरे चारणारे हक्कदार आता थोडेच उरल्याने बर्च आणि नेचा माळ गिळंकृत करू पाहतात. त्यांना आवरण्यासाठी व्यवस्थापन मंडळाला छाटणी करावी लागते आणि स्वतःच्या हेब्रिडियन मेंढ्याही चाराव्या लागतात.

न्यू फॉरेस्टचा पसाराच वेगळा. इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याने १०७९ च्या सुमारास राखलेला हा प्रदेश २००५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला असून उद्यानाचे क्षेत्र ५६६ चौरस किलोमीटर आहे. लंडनच्या वॉटर्लू स्थानकाहून रेल्वेने थेट ब्रॉकनहर्स्टला उतरता येते आणि खडीच्या ठरवून दिलेल्या मार्गांवर सायकलही चालवता येते. मुलांना मात्र सर्वाधिक ओढ असते ती हजारोंच्या संख्येने मोकळ्या हिंडणाऱ्या तट्टांची. ती रानटी नाहीत. प्रत्येकाला मालक आहे. त्यांची शेपटी जरा निरखून पाहावी: चराईची पट्टी भरली की देखरेख करणारा अधिकारी आपल्या विभागाच्या ठरावीक पद्धतीने तिचे केस कापतो, आणि ती कापणी ओळखणाऱ्याला पावतीसारखी वाचता येते. अशा तट्टांना केळी-बिस्किटे भरवण्याचा मोह आपल्या मंडळींना फार होतो. पण अन्नाच्या आशेने ती रस्त्याकडेला रेंगाळतात आणि वाहनांखाली सापडतात. म्हणूनच २०२३ मध्ये स्थानिक परिषदेने त्यांना खाऊ घालण्यास व उघड्यावर बार्बेक्यू पेटवण्यास मनाई करणारे आदेश काढले. मोडल्यास १०० पौंड दंड.

मोटार असेल, हाताशी एकच दिवस असेल आणि मुख्यतः फुलांसाठीच जायचे असेल, तर माझा कौल निःसंशय ॲशडाउनला. मोटार नसेल, लहान मुले बरोबर असतील किंवा मुक्काम करता येणार असेल, तर न्यू फॉरेस्ट घ्यावे; एका दिवसात धावतपळत उरकण्याची ती जागा नव्हे. हेदरच्या मुख्य बहरासाठी ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबरची सुरुवात हा काळ दोन्हीकडे योग्य. कासच्या पठाराप्रमाणे आगाऊ प्रवेश आरक्षण कुठेच करावे लागत नाही, त्यामुळे जपून वागण्याची जबाबदारी आपलीच. रातवा आणि डार्टफर्ड वटवट्या हे पक्षी जमिनीवर किंवा खालच्या झुडपांत घरटी करतात, तेव्हा वसंतापासून जुलैअखेरपर्यंत वाट सोडू नये आणि कुत्रा असल्यास त्यालाही सोडू देऊ नये. हेदरमध्ये गोचिड्या असतात व त्यांच्यापासून लाइम हा जिवाणूजन्य रोग होऊ शकतो. उकाडा असला तरी पायघोळ विजार घालावी आणि घरी परतल्यावर मुलांचे पाय, विशेषतः गुडघ्यामागची बाजू, नीट तपासावी.