भगव्या डाळिंबाचं गुटी कलम, मुलुंडच्या गच्चीवर

"ताई, ऊन किती तास येतं?" रोपवाटिकेतल्या काकांनी पैशांआधी हे विचारलं, तिथेच माझा विश्वास बसला. डाळिंबाला सहा तास तरी कडक ऊन हवंच.

भगवा ही डाळिंबाची जात, आणि गुटी कलम म्हणजे झाडाच्या फांदीलाच मुळं फुटवून केलेलं रोप. माझं रोप निरोगी, बुडातूनच फुटलेल्या फांद्या. पिशवीतली माती मात्र चिकट लाल, ती बरीचशी झाडून टाकावी लागली. अर्ध्या ड्रमला भरपूर भोकं पाडली, शेणखत-वाळू मिसळली आणि ड्रम विटांवर ठेवला. आपल्या पावसात मुळाशी पाणी तुंबलं की डाळिंब गेलंच.

खरी मजा पावसाळ्यानंतर. हस्त बहार, म्हणजे पावसाळा सरताना येणारा फुलोरा, धरायचा म्हणून पाणी तोडलं, पानं गळाली. शेजारच्या आजी हळहळल्या, "मेलं गं झाड!" मग हलकी छाटणी, खत, आणि पाणी बेताबेताने वाढवत नेलं. शेंदरी फुलांनी झाड असं काही पेटलं! फुलापासून फळ पिकायला पाच-सहा महिने लागतात. तेवढ्यात पाण्यात खंड पडला की फळं तडकतात.

काटे चांगलेच टोचतात, लहान मुलं असतील तर कोपऱ्यात ठेवा. खिडकीच्या ग्रिलसाठी घेऊ नका. उघडी गच्ची असेल तर जरूर घ्या.