तत्त्वज्ञांना थेट वाचण्यासाठी: ‘अर्ली मॉडर्न टेक्स्ट्स’ या संकेतस्थळाचे परीक्षण

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास विषय म्हणून घेतलेला आपल्याकडील एम.ए.चा विद्यार्थी देकार्त, लॉक, ह्यूम यांची मते व्यवस्थित मांडू शकतो. परंतु या तिघांपैकी एकाच्याही ग्रंथातील एखादे प्रकरण त्याने सलग वाचलेले असेलच, असे नाही. यात दोष त्याच्या आळसाचा नाही. लॉकच्या मुख्य ग्रंथावर 1690 हे वर्ष छापलेले आहे, त्यातील वाक्ये कित्येकदा आठ-आठ ओळी चालतात, आणि मराठी माध्यमातून पदवी घेऊन आलेल्या मुलाची सगळी शक्ती कर्ता आणि क्रियापद जुळवण्यातच खर्च होते. युक्तिवादापर्यंत तो पोहोचतच नाही आणि शेवटी नोट्स हाती घेतो. हे अंतर कमी करणारी जी साधने इंटरनेटवर आहेत, त्यांत मी ‘अर्ली मॉडर्न टेक्स्ट्स’ला सर्वांत वर ठेवतो.

हे काम जोनाथन बेनेट यांचे. 1930 साली न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या बेनेट यांनी केंब्रिज, ब्रिटिश कोलंबिया आणि सिराक्यूज येथे अध्यापन केले, आणि स्पिनोझा व कांट यांच्यावरील त्यांचे ग्रंथ अभ्यासकांत मान्यता पावलेले आहेत. बेकनपासून मिलपर्यंतच्या तत्त्वज्ञांचे ग्रंथ त्यांनी आजच्या सोप्या इंग्रजीत नव्याने लिहून काढले आणि पीडीएफच्या रूपात विनामूल्य उपलब्ध करून दिले. तेथे नावनोंदणी करावी लागत नाही. मांडणी अगदी साधी आहे: लेखकाचे नाव निवडावे आणि धारिका उतरवून घ्यावी.

संपादनाची पद्धत मात्र बारकाईने समजून घेतली पाहिजे, कारण या प्रतींचे मोल तिच्यातच आहे. अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून घातलेले शब्द दोन लहान मध्यबिंदूंच्या आत येतात. गाळलेल्या छोट्या मजकुराच्या जागी चार टिंबे असतात. मोठा मजकूर वगळला असल्यास तसे चौकटी कंसात सांगितलेले असते. एखाद्या परिच्छेदात तीन कारणे एकात एक गुंतलेली असतील, तर ती वेगळ्या ओळींवर मांडलेली दिसतात. एवढ्यानेही युक्तिवादाचा सांगाडा डोळ्यांसमोर उभा राहतो.

सर्वप्रथम काय वाचावे, असे मला कोणी विचारले, तर मी बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ आणि देकार्त यांचा पत्रव्यवहार सुचवीन. मे 1643 मध्ये हेगहून लिहिलेल्या पहिल्याच पत्रात, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ती विचारते की आत्मा जर केवळ विचार करणारे द्रव्य असेल, तर तो शरीराला हालचाल करायला कसा लावतो? ढकलण्यासाठी स्पर्श हवा, स्पर्शासाठी विस्तार, म्हणजे जागा व्यापण्याचा गुण, हवा, आणि विस्तार तर देकार्तने आत्म्याला नाकारलेला आहे. देकार्त उत्तरात वस्तूच्या जडपणाचे उदाहरण देतो: जडपणा वस्तूला स्पर्शाविना खाली नेतो असे आपण मानतो, तसेच आत्म्याचे समजावे. त्याने तिचे समाधान होत नाही, आणि जूनमधील पत्रात ती स्पष्ट लिहिते की अमूर्त वस्तू शरीराला हलवते, हे मानण्यापेक्षा आत्म्यालाच विस्तार आहे, असे मानणे तिला सोपे वाटते. पाठ्यपुस्तकात ‘देह-मन समस्या’ या शीर्षकाखाली चार ओळींत उरकलेला आक्षेप येथे एका जिवंत, हट्टी बुद्धीकडून आलेला दिसतो. वर्गात ही पत्रे मोठ्याने वाचावीत, असे मला मनापासून वाटते. त्यानंतर बर्कलीचे 1713 चे तीन संवाद घ्यावेत. एक हात गरम, दुसरा गार, आणि दोन्ही एकाच पाण्यात बुडवले तर ते पाणी एका हाताला थंड आणि दुसऱ्याला कोमट लागते, म्हणून ऊब-गारवा पाण्यात नसून मनात आहे, हा त्यातील युक्तिवाद समजायला कोणत्याही पूर्वतयारीची गरज नाही.

आता उणिवा. पहिली गंभीर आहे. मध्यबिंदू केवळ भर घातलेली जागा दाखवतात. जे वाक्य संपूर्णपणे नव्या शब्दांत लिहिले आहे, त्यावर कोणतीच खूण नसते. मुळात जेथे दोन अर्थ संभवतात, तेथे बेनेट यांना एक निवडावा लागतो, आणि तो त्यांनी निवडला आहे, हे वाचकाला कळत नाही. म्हणून प्रबंधात किंवा शोधनिबंधात या प्रतींमधून अवतरण देऊ नये. दुसरे असे, की ह्यूमसारख्या शैलीदार गद्यलेखकाचा डौल या सुलभीकरणात टिकत नाही, आणि ते नुकसान लहान नाही. लॉकचा ग्रंथही बराच कापलेला आहे. प्लेटो-अ‍ॅरिस्टॉटल आणि मध्ययुग येथे नाहीतच, त्यामुळे अभ्यासक्रमाच्या त्या भागासाठी दुसरीकडे जावे लागते.

माझा सल्ला असा, की प्रकरण आधी येथे वाचावे, युक्तिवादाच्या पायऱ्या आपल्या शब्दांत, मराठीतच, वहीत उतरवाव्यात आणि मग तेच प्रकरण मूळ इंग्रजीत किंवा प्रमाणित भाषांतरात वाचावे. ह्यूमच्या 1748 च्या ग्रंथातील कार्यकारणभावाच्या प्रकरणांना ही पद्धत विशेष मानवते. कांटचा ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’ मात्र एकट्याने हाती घेऊ नये. 1781 आणि 1787 च्या आवृत्त्यांमध्ये त्याने काही कळीचे भाग नव्याने लिहिले, आणि त्या फरकांचा अर्थ लावायला सोपी भाषा पुरत नाही, शिक्षक लागतो.