पेन स्पिनफिशर सिक्स, 6500 साइज : खडक आणि वाळू दोन्हीकडे वापरून झाल्यावर

किनाऱ्यावरून गरवायला रील घ्यायची तर आधी काय बघू असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं, सील बघा, म्हणजे पाणी आणि वाळू आत जाऊ न देणाऱ्या रबरी कड्या. बेअरिंग किती ते नंतर, रंग आणि चकाकी तर त्याच्याही नंतर. बोटीवरच्या रीलला खारं पाणी लागतं, पण किनाऱ्यावरच्या रीलला खारं पाणी आणि वाळू दोन्ही लागतात, आणि खडकावर उभे असाल तर लाट फुटली की वरून फवाराही येतो. वाळूचा बारीक कण एकदा आत शिरला की तो गिअरच्या दातांमध्ये जाऊन बसतो, खारं पाणी बेअरिंगमध्ये सुकलं की आत मीठ धरतं, आणि पुढच्या वेळी हँडल फिरवलं की करकर सुरू. माझ्याकडे आधी जी रील होती (कुठल्या कंपनीची ते सोडा) तिच्या बॉक्सवर बेअरिंगचा आकडा भलामोठा छापलेला, दुकानात हातात घेतली तर लोण्यासारखी फिरायची, पण सील नावाला नाही, त्यामुळे एका सीझनमध्येच तिचा आवाज यायला लागला आणि मग ती कायमचीच बसली.

त्यानंतर ही स्पिनफिशर सिक्स रील घेतली. पेन ही तशी जुनी कंपनी, 1932 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला सुरू झालेली, आणि स्पिनफिशर ही त्यांची समुद्रासाठीची नावाजलेली सीरिज. काळी-सोनेरी, बघितल्याबरोबर ओळखू येते. बॉडी, साइडप्लेट सगळं मेटल, त्यामुळे जोर लागला तरी आतले गिअर जागचे हलत नाहीत. हे बोलायला सोपं वाटतं पण मोठा मासा तळाशी दडी मारून बसतो आणि तुम्ही रॉड वाकवून हँडलला सगळा जोर लावता तेव्हा प्लास्टिक बॉडी किंचित वाकते आणि हँडल जड होतं, तसं इथे होत नाही. बेअरिंग पाच अधिक एक, म्हणजे कमीच म्हणाल, पण ती सील केलेली आहेत आणि मला वाटतं खाऱ्या पाण्यात सीलवाली पाच ही उघड्या दहापेक्षा कधीही भारी.

आता मुख्य मुद्दा, सीलिंग. हिला आयपीएक्स 5 रेटिंग आहे. पुष्कळ लोक हे वाचून वॉटरप्रूफ समजतात आणि गडबड तिथेच होते. आयपीएक्स 5 म्हणजे 6.3 मिलिमीटरच्या नोझलमधून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याचा झोत सगळ्या बाजूंनी मारला तरी नुकसान होईल असं पाणी आत जायला नको, एवढंच. पाण्यात बुडवून बघायची टेस्ट त्यात नसतेच, ती 7 आणि 8 नंबरला असते. म्हणजे लाटेचा फवारा, पाऊस, वरून पडलेलं पाणी याला ही रील बिनधास्त, पण कमरेएवढ्या पाण्यात उतरून रील सारखी पाण्याखाली जाणार असेल तर हिच्या भरवशावर राहू नका. ज्यांना लाटांमध्ये उभं राहून गरवायचंय त्यांच्यासाठी याच कंपनीची स्लॅमर सीरिज आहे, तिला आयपीएक्स 6 आहे, झोत बराच जोरदार असतो त्यात, पण बुडवायची टेस्ट तीही नाही हे लक्षात ठेवा.

माझा अनुभव म्हणाल तर साइडप्लेट उघडून बघितली तेव्हा गिअरच्या दातांवरचं ग्रीस होतं तसं होतं, बोटाने चोळून बघितलं तरी वाळू लागली नाही. बाहेरून मात्र बेल, म्हणजे दोरी वळवणारी तारेची कमान, तिच्या मुळाशी, जिथे ती रोटरला (दोरीच्या चकरीभोवती फिरणाऱ्या भागाला) जोडलेली असते तिथे मिठाची पांढरी रेघ धरलेली, आणि लाइन रोलर, म्हणजे दोरी ज्यावरून वळते त्या चाकाच्या कडेलाही. कुठल्याही स्पिनिंग रीलमध्ये लाइन रोलर हाच आधी जातो कारण ओली दोरी सगळं मीठ तिथूनच ओढत नेते. म्हणून घरी आल्यावर रोलर बोटाने फिरवून बघायचा, अडकत असेल तर तेलाचा एक थेंब, बास. तो फिरला नाही तर ब्रेड (विणलेली दोरी) एकाच जागी घासत राहते आणि मग कास्टच्या वेळी, म्हणजे फेकताना, फाटकन तुटते आणि दोरीला बांधलेलं शिशाचं वजन जातं क्षितिजाकडे.

धुण्याबद्दल सांगतो कारण सील आहे म्हणून लोक नळाखाली जोरात धरतात किंवा बादलीतच टाकून ठेवतात. ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरी रोखत रोखत सोडणारा वॉशरचा ब्रेक, आधी पूर्ण घट्ट करायचा, म्हणजे पाणी वॉशरपर्यंत जात नाही, मग गोड्या पाण्याची हलकी धार, झोत नको कारण झोताने मीठ आणि वाळू उलट आत ढकलली जाते, फडक्याने पुसायची, सावलीत वाळवायची आणि ठेवताना ड्रॅग आठवणीने पुन्हा सैल करायचा. सैल नाही केला तर वॉशर दाबून राहतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग धक्के देत सुटतो.

ड्रॅगसाठी मात्र या रीलला मी मनापासून दाद देतो. कार्बन फायबरचे एचटी-100 वॉशर आहेत. खडकात ड्रॅग कसा असतो यावरच सगळं ठरतं, कारण गळाला लागलेला मासा सरळ कपारीकडे धावतो, तुम्हाला त्याला थांबवायचं तर असतं पण दोरी तुटू द्यायची नसते. बरेच ड्रॅग पहिल्या क्षणाला चिकटून बसतात आणि मग एकदम सुटतात, बारीक लीडर (मुख्य दोरीच्या पुढे बांधलेला दोरीचा तुकडा) तेवढ्यात जातो. हा पहिल्यापासून एकसारखा सुटतो, आणि पाणी उडालेलं असलं तरी तसाच, कारण स्पूलही (दोरी गुंडाळलेली चकरी) सील आहे. सेट करताना दोरीच्या ताकदीच्या चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा यामध्ये ठेवा, हाताने ओढून अंदाज घेऊ नका, वजनकाटा लावून बघा, हाताचा अंदाज बहुतेक वेळा चुकतो.

गिअर रेशो 5.6 ला 1. हँडलच्या एका फेऱ्यात रोटर साडेपाच वेळापेक्षा जास्त फिरतो. खडकाळ जागी याचा फायदा असा की शिसं तळावरून पटकन उचललं जातं आणि पायाशी जी कालवं लागलेली धार असते तिच्या वरून निघून येतं, हळू ओढलं तर तिथेच अडकणार हे नक्की. तरी अडकतंच कधी कधी, म्हणून शिशाला मुख्य दोरीपेक्षा कमी ताकदीची दोरी बांधायची, अडकलं तर फक्त शिसं जातं, गळ आणि मासा दोन्ही वाचतात.

स्पूलवर रबराची पट्टी आहे, त्यामुळे ब्रेड डायरेक्ट बांधता येते, खाली मोनोचं (साध्या नायलॉन दोरीचं) अस्तर द्यायची गरज नाही, नाहीतर ब्रेड गुळगुळीत स्पूलवर गोल फिरते आणि माणूस समजतो की ड्रॅग खराब झाला. भरताना कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा. काठोकाठ भरली की वाऱ्यात गाठी पडणारच, त्यात रीलचा दोष नाही. बेल हँडल फिरवून नाही तर हाताने बंद करायची आणि दोरी एकदा ओढून ताठ करून मगच गुंडाळायला घ्यायची, अर्ध्या गाठी यानेच कमी होतात. आणि ब्रेड कितीही भारी असली तरी खडकावर तिच्यापुढे मोनोचा जाड लीडर हवाच, कारण ब्रेड ओढीला दणकट पण कालवांच्या धारेवर घासली की कापल्यासारखी जाते. लांब कास्ट मारायची असेल तर अंदाजे 28 ग्रॅम शिशाला 10 पौंड ताकदीचा लीडर हा हिशोब धरा, म्हणजे 140 ग्रॅमला 50 पौंड, आणि गाठ मारल्यावर स्पूलवर लीडरचे चार-पाच वेढे राहतील एवढा लांब ठेवा. कास्टच्या झटक्यात दोरी तुटली तर शिसं गोळीसारखं सुटतं आणि किनाऱ्यावर आजूबाजूला माणसं असतात, पोरंबाळं असतात, यात हयगय नको.

वजन. हा प्रश्न सगळे विचारतात. पूर्ण मेटल असल्यामुळे 6500 पाऊण किलोच्या आसपास भरते. बारा-तेरा फुटी सर्फ रॉडवर हे वजन उलट बरं वाटतं, रॉडचा तोल मागे येतो, शिवाय वाळूवर रॉड स्टँडमध्येच उभा असतो. पण खडकावरून सतत लूर (नकली आमिष) फेकायचा असेल, फेक, ओढ, परत फेक, तर मनगट बोलायला लागतं, आणि त्यासाठी मी 4500 घ्या असं सांगेन, दहा फुटी रॉडला ती जास्त शोभते आणि बॉडी मेटल, सीलिंग तेच आहे.

वाळूवर अजून एक बघा. सगळ्यांना वाटतं जितकं लांब तितका मासा मोठा, आणि मग मोठ्यात मोठं स्पूल शोधत बसतात. पुळणीवर ओहोटीला जाऊन आधी घळ कुठे आहे ते बघून ठेवायचं, भरतीत तिथलं पाणी गडद दिसतं आणि लाट फुटत नाही, मासा पुष्कळदा त्याच घळीत चरायला येतो, आणि ती कधी कधी काठापासून इतकी जवळ असते की मोठी कास्ट मारणारा मासा मागे टाकून पलीकडे फेकतो. तेवढ्यासाठी साधी 6500 पुरून उरते. जिथे वाळूचा बांध खरंच लांब आहे आणि त्याच्या पलीकडेच फेकायचंय तिथे लाँगकास्टवालं मॉडेल बघा, त्याचं स्पूल लांब कास्टसाठीच बनवलेलं असतं, दोरी सुटताना कडेला कमी घासते.

डावखुऱ्यांनी काळजी करू नये, हँडल दोन्ही बाजूंना लागतं आणि स्क्रूने घट्ट बसतं, आरपार पिन घालून बसवलेल्या हँडलला येते तशी ढिलाई येत नाही. एक मात्र करा, बाजू बदलताना आट्यांवर वाळू नाही ना ते फडक्याने पुसून बघा आणि किंचित ग्रीस लावूनच फिरवा, नाहीतर खाऱ्या पाण्याने ते तिथेच धरून बसतं आणि मग पक्कड घ्यावी लागते.