नाझरेथचा 'हेअर ऑफ द डॉग' : एका 'स'ने पिडलं

बँड स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिनचा, अल्बम १९७५ चा, हे वाचणाऱ्यांना माहीत असणारच. नवीन छापलेली एलपी (मोठी विनाइल तबकडी) घेऊन काही महिने झाले, आता लिहितो.

आधीचे तीन अल्बम डीप पर्पल या रॉक बँडच्या रॉजर ग्लोव्हरने निर्माण केले होते. इथे गिटारिस्ट मॅनी चार्लटननेच सूत्रं हातात घेतली आणि सगळं कसं कोरडं, अंगावर येणारं झालंय. शीर्षकगीतातली काउबेल (काठीने वाजवायची धातूची घंटा) आणि टॉकबॉक्समधून, म्हणजे तोंडात धरलेल्या नळीतून, वाकडं बोलणारी गिटार ऐकून पैसे वसूल वाटले. पहिल्या बाजूबद्दल तक्रार शून्य.

तक्रार आहे दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्याची. 'प्लीज डोन्ट जुडास मी' दहा मिनिटांना जरा कमी, आणि अख्ख्या अल्बममधलं सगळ्यात भारी. तेच नेमकं तबकडीच्या मधल्या लेबलला चिकटून! तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, आत जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा. मग गायक डॅन मॅककॅफर्टीने 'जुडास' म्हटलं की 'स'चा पार 'श्ख' होतो. आणि 'जुडास' काय एकदाच म्हणतो का!

विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, "सर, तुमचा प्लेअर चेक करा." बरीच हुज्जत घातल्यावर प्रत बदलून दिली, कुरियरचा भुर्दंड मात्र मलाच. नव्या प्रतीतही तोच 'श्ख'.

इथवरचं रागाच्या भरात लिहून ठेवलं होतं. नंतर प्लेअरसोबत आलेली गोल टोकाची सुई काढून एलिप्टिकल, म्हणजे लंबगोल टोकाची, बसवली. रेकॉर्डपेक्षा महाग, जिवावर आलं. पण फरक पडला. 'स' आता 'स' ऐकू येतो, शेवटच्या दोनेक मिनिटांत थोडी खरखर उरलीय तेवढीच. आणि ती खरखर मागे पडल्यावर पीट ॲग्न्यूचा बास पहिल्यांदा नीट कळला.

आणि हो, या प्रतीवर बँडचं गाजलेलं 'लव्ह हर्ट्स' नाही. मूळ ब्रिटिश क्रमात तिसरं गाणं रँडी न्यूमनचं 'गिल्टी'. अमेरिकेत ते काढून 'लव्ह हर्ट्स' घातलं आणि तेच तिथे १९७६ मध्ये लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ८ व्या क्रमांकापर्यंत गेलं. आधी चडफडलो होतो. आता म्हणतो, बरंच झालं. 'लव्ह हर्ट्स' ऐकून ऐकून गुळगुळीत झालंय, 'गिल्टी'त मॅककॅफर्टीचा घोगरा गळा उघडा पडतो. तो आणि चार्लटन, दोघेही २०२२ मध्ये गेले.

घेणार असाल तर मागच्या कव्हरवर तिसरं गाणं कोणतं ते आधी बघा. सुई साधी असेल आणि बदलायची नसेल, तर गुपचूप सीडी घ्या. स्वस्तात पडते, आणि तिच्यात शेवटचं गाणंही पहिल्यासारखंच स्वच्छ वाजतं.