राखीव तास की कामानंतरची उजळणी? टीमला शिकतं ठेवायचं तर

टीमने सतत शिकत राहावं असं मनावर घेतलं की दोन वाटा दिसतात. आठवड्यातला एक तास शिकण्यासाठी राखून ठेवायचा, किंवा प्रत्येक काम हातावेगळं झालं की वीस मिनिटं बसून त्याची उजळणी करायची. (सगळ्यांना ऑनलाइन कोर्स घेऊन देणं ही तिसरी. त्यात खरेदी होते, सवय लागत नाही.)

राखीव तास कॅलेंडरवर दिसतो, वरिष्ठांना दाखवता येतो. टीममध्ये कुणालाच येत नाही असं काही शिकायचं असेल तर तो हवाच. पण डेडलाइनच्या आठवड्यात पहिला बळी त्याचाच जातो, आणि दोनदा पुढे ढकलला की तिसऱ्यांदा कुणी विचारतही नाही. शिवाय एकजण स्लाइड दाखवतो आणि बाकीचे कॅमेरा बंद करून मेल उरकतात. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 च्या प्रयोगांत मजकूर पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतर पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे सरस ठरले. त्यामुळे तास घ्यायचाच तर सुरुवात गेल्या वेळच्या दोन प्रश्नांनी करा, नोट्स न उघडता. सगळे जरा अवघडतील, अवघडू द्या.

उजळणीची पद्धत अमेरिकी लष्कराच्या 1970 च्या दशकातल्या सरावांतून आली. काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय बदलायचं, एवढंच विचारायचं. समजा सिस्टिम बंद पडली आणि डेटा गेला. ‘यापुढे सर्वांनी काळजी घ्यावी’ असं ठरलं तर वीस मिनिटं पाण्यात. ‘बॅकअप रोज घेत होतो, पण तो परत चढवून कधी पाहिलाच नव्हता’ हे कुणी बोललं आणि चेकलिस्टमध्ये तेवढी एक ओळ वाढली, तर उजळणी कामी आली.

मात्र ‘हे कुणामुळे झालं?’ असं टीमप्रमुखाने एकदा जरी विचारलं, की पुढच्या बैठकीत सगळे गप्प. संघटनांचा अभ्यास करणाऱ्या संशोधक एमी एडमंडसन यांना 1990 च्या दशकात रुग्णालयांमध्ये चांगलं नेतृत्व असलेल्या युनिटांत चुकांची नोंद उलट जास्त आढळली, कारण तिथे चुका बोलून दाखवल्या जात होत्या. उजळणीची दुसरी मर्यादा म्हणजे ती आपल्याच कामापुरती शिकवते. नुसती तीच करणारी टीम कूपमंडूक होते.

तरी माझं मत विचाराल तर सुरुवात उजळणीने करा, कारण ती कामाला चिकटलेली असते आणि रद्द करायला निमित्त कमी सापडतं. तास नंतर जोडा, तोही उजळणीत तीच उणीव पुन्हा पुन्हा दिसू लागली की.

महिनाभरात निकाल लावू नका. लंडनमध्ये संशोधक लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात साधी सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले, कुणाला 18 तर कुणाला 254. त्याही रोजच्या सवयी होत्या, आठवड्यातून एकदाच्या नव्हेत. तोवर टीमप्रमुख रजेवर असतानाही उजळणी झाली का, तेवढं बघत राहा.